पाच बावन्नचा फोटो

असोद्यात समाधानला लोक तोंडावर फोटोग्राफर म्हणायचे आणि पाठीमागे येडा. लग्नं, साखरपुडे, जावळं यांवर घर चालायचं, पण त्याचा जीव अडकलेला मुंगीच्या डोळ्यात आणि कोळ्याच्या पायावरच्या केसांत. असल्या बारीक फोटोंची नवी लेन्स घ्यायची तर लग्नाचा अख्खा सीझन तिच्यावर ओवाळून टाकावा लागला असता. मग गड्यानं धुळ्याच्या भंगारवाल्याकडून रिळाच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स उचलली. ठिबकच्या पाइपाचा चार बोटं तुकडा कापला, आतून काळा रंग मारला आणि त्यावर लेन्स उलटी करून बसवली. नव्या कॅमेऱ्याला अशी लेन्स लागलीय हे कळतच नाही. 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं त्याला सेटिंगमध्ये बजावून ठेवावं लागतं. फोटोच्या माहितीत लेन्सची जागा कोरी राहते, तारीख आणि वेळ मात्र कॅमेरा चोख लिहितो.

त्याची बायको संघमित्रा पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेली. सकाळी पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पापण्या मिटायला लागल्या. जळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दहा चाळीस झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही औषध आहे का? समाधान म्हणाला, कपाशीवर फवारायचं आहे, कोपऱ्यात असतं. डॉक्टरांनी विचारलं, काही चावलं-बिवलं का? तो म्हणाला, नाही. दुपारी तीनला ती गेली.

शवविच्छेदन झालं, व्हिसेराच्या बरण्या तपासणीला गेल्या. रिपोर्टला काही महिने लागतील, असं पोलीस म्हणाले. गाव कुठं रिपोर्टची वाट पाहतं? संध्याकाळपर्यंत बाईनं फवारणीचं औषध घेतलं असं ठरून गेलं, आणि का घेतलं याचेही चार प्रकार पारावर तयार झाले. तिचा भाऊ युवराज भर अंत्ययात्रेत समाधानची गळपट्टी धरायला धावला. मध्ये पडली ती समाधानची सासू, रुक्माबाई. पोटची पोर समोर तिरडीवर असताना ती मुलाला म्हणाली, "मना जवाई तसा नही. सोड त्याले." चार वर्षांच्या नातीला, दीपमालाला, कडेवर घेऊन ती धुळ्याकडच्या आपल्या गावी गेली, आणि जाताना सांगून गेली की संघमित्राच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी पोरीला परत आणून सोडते.

नवव्या दिवशी एका साखरपुड्याचे फोटो द्यायचे होते म्हणून समाधाननं कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करायला घेतलं. शेवटी कोळ्याच्या जाळ्यांचे साठ-सत्तर फोटो होते, दवाचे थेंब लगडलेले. त्यांच्या आधी एकच फोटो बोटाचा. संघमित्राच्या.

तो फोटो पाहिला आणि त्याला सगळं आठवलं.

त्या पहाटे तो पाइपाला नवीन रंग देऊन लेन्स जुळवत बसला होता. संघमित्रा अंथरुणातून उठून आली. उकाड्यामुळे ती जमिनीवरच झोपायची. "अहो, हे बघा ना, रात्री बोटाला काहीतरी चावलं," ती म्हणाली. त्यानं नुसत्या डोळ्यानं पाहिलं, काही दिसलं नाही. मग म्हणाला, धर इथं, नीट दिसेल. तिनं खिडकीच्या कट्ट्यावर बोट टेकवलं, त्यानं कॅमेरा पुढं-मागं करत फ्लॅश मारला. पडद्यावर कातडीच्या रेघा नांगरटीसारख्या उठून आल्या होत्या. इतका स्वच्छ फोटो त्या लेन्समधून पहिल्यांदाच आला होता. "काय भन्नाट आलाय बघ!" तो ओरडला. ती म्हणाली, "पण काय चावलंय?" तो म्हणाला, "डास असेल." आणि ऊन चढायच्या आत दव गाठायचं म्हणून कॅमेरा गळ्यात घालून केळीच्या बागेत पळाला. नऊला परतला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडत नाहीत म्हणाली. रात्रीची झोप झाली नसेल, पड जरा, असं सांगून तो फोटो बघत बसला.

दवाखान्यात तो खोटं बोलला नव्हता, आणि हेच त्याला सहन होईना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याला आठवलंच नाही. त्याच्या डोक्यात ते चावलेलं बोट नव्हतंच, पहिला स्वच्छ आलेला फोटो होता.

आता त्यानं फोटो मोठा केला. रेघांमध्ये एक ठिपका, टाचणी टोचावी तसा. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, बोटाच्या उतारावर, दुसरा. अशा लेन्समध्ये केसभर जाडीचंच काय ते स्पष्ट येतं, म्हणून दुसरा धूसर होता. पण होता. खाली लिहिलेलं, पाच बावन्न.

तो फोटो घेऊन जळगावला तोताराम सर्पमित्राकडे गेला. तोतारामनं एकदा पाहिलं. "मला तर मण्यार वाटते. झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही. दोन-चार तासांनी पोट दुखतं, पापण्या पडतात. तोवर इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचू शकतो. कुणाचं बोट आहे?"

"ग्रुपवर आलाय फोटो," समाधान म्हणाला.

घरी येऊन त्यानं तीनदा डिलीटच्या बटणावर अंगठा नेला. रिपोर्टमध्ये विष निघणार नाही, मग काय व्हायचं ते आपोआप होईल, असं तो स्वतःला समजावत राहिला. तोपर्यंत संघमित्रा गावाच्या तोंडी विष घेतलेलीच राहणार होती. फोटो दाखवला तर तिच्यावरचा डाग जाणार होता. पण ती वेळही दिसणार होती, आणि त्याच्या बाजूनं उभं राहिलेलं एकमेव माणूस जाणार होतं. त्याला भीती वाटत होती. युवराजची नाही, रुक्माबाईची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती आलीच. दीपमाला अंगणात शेजारच्या पोरींत मिसळली. रुक्माबाईनं पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं.

"युवराज काहीबी बोलो, तुम्ही मनवर लेवू नका," ती म्हणाली. "पोर बापजोडे ऱ्हावाले जोयजे. पन काल हाई माले इचारी राहिंती, आजी, इख काय ऱ्हास? मायनी खादं ते इख."

समाधान उठला. आत जाऊन कॅमेरा आणला, पडद्यावर तो फोटो उघडला आणि तिच्यापुढं धरला. "अक्का, तिनं विष घेतलं नाही. साप चावला होता. हे बघा."

रुक्माबाईला बोट लगेच ओळखू आलं. नखाजवळचा विळीचा जुना व्रण तिनंच लहानपणी हळद भरून बरा केला होता. ठिपके त्यानं दाखवले. ती कितीतरी वेळ पडद्यावरून अंगठा फिरवत राहिली, मग हमसून रडली, आणि रडता रडताच युवराजला फोन लावला. "तुनी बहीननी इख खादं नही रे! साप चावना तिले, साप!" नऊ दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला होता. समाधानला वाटलं, एवढ्यावरच थांबावं.

फोन ठेवून ती म्हणाली, "कव्हय काढा हाऊ फोटू?"

"सकाळी. सहाच्या आधी."

"आनि दवाखानामा कव्हय लई गयात?"

"दहा चाळीस."

तिनं कॅमेरा खाली ठेवला. "म्हंजे तिनी तुले दखाडं व्हतं." आजवर जावयाला ती तुम्ही म्हणत आली होती. "मंग तू काय देखं?"

खोटं सांगता आलं असतं. चार कारणं जिभेवर होतीही. "फोटो छान आला होता, अक्का," तो म्हणाला. "मी तेवढंच पाहिलं."

रुक्माबाई उठली. तिनं दीपमालाचे कपडे पिशवीत पुन्हा भरले, दोरीवरचा टॉवेलही घेतला, अंगणात जाऊन पोरीचा हात धरला. समाधान दारापर्यंत आला.

"गावले मी सांगसू, साप चावना. तेवढंच सांगसू. युवराजलेबी तेवढंच," ती म्हणाली. "बाकीनं हाई पोर मोठी व्हई तव्हय तिले तू सांगजो. तुना तोंडथीन."

बस समोरच्या चौकात उभीच होती. दीपमालानं खिडकीतून त्याला हात केला, त्यानंही केला. ती चार वर्षांची होती, म्हणजे अजून दहा-बारा वर्षं.