पितृपक्षातली पूजा

सकाळपासून माळेचे मणी चुकत होते. भाडेकरार तीस सप्टेंबरला संपणार आणि विकत घेतलेल्या आमच्या फ्लॅटची चावी तेरा ऑक्टोबरला मिळणार. विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटल्याचा बँकेचा कागद त्याआधी येणार नव्हता. मधले तेरा दिवस संसार घेऊन जायचं कुठे? माझे यजमान, दिपेश, दोनदा मुदत मागून आले होते. आज मीच घरमालकांना घरी बोलावलं.

ईश्वरभाई आले, पण बसेनात.

"बेन, दिपेशभाई को बोला ना मैंने? पहिल्या तारखेला नवी पार्टी येतेय."

"तेरा दिवसांचाच प्रश्न आहे, भाई. आठ वर्षांत कधी त्रास दिलाय?"

"कभी नहीं. पण त्यांनी पूजा ठेवलीय. सत्यनारायण. दो तारीख को."

मी माळ गोमुखीत ठेवली.

"दोन तारखेला? पितृपक्षात?"

"वो लोग मानते नहीं."

"मानत नाहीत, तर सत्यनारायण कशाला घालतायत?"

ईश्वरभाई खुर्चीत बसले. "तुम भी ना, बेन! पंचांग पाठ आहे काय?"

"उपासतापास करणारीला पाठ ठेवावंच लागतं."

ते हसले. मग रुमालाने चेहरा पुसत राहिले.

"पार्टी-बिर्टी कोई नहीं. पिंकी येतेय, माझी मुलगी. सासर सोडून. कडेवर छोटी बच्ची. माझ्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं. सोसायटीत काय सांगू? म्हणून पार्टी बोललो."

त्यांचं खोटं मीच पकडलं होतं, तरी जीव थाऱ्यावर येईना. उठले, पाणी दिलं, पुन्हा उठले. पिंकीलाही छप्पर हवंच होतं.

"बेडरूम घ्या," मी म्हटलं. "तीसला मोकळी करते. बाथरूम एकच आहे, चालवून घेऊ. तेराला आम्ही निघू."

"दिपेशभाई मानेंगे?"

"त्यांचं मी बघते."

संध्याकाळी दिपेश चपला काढता काढताच म्हणाले, "दिली का मुदत?"

"दिली. तेरापर्यंत."

"वा! घर आपल्याकडेच ना?"

"हॉल आणि किचन."

सगळं ऐकून त्यांनी बेडरूमचं दार वितीने मोजून पाहिलं.

"गिरिजा, हे कपाट या दारातून निघत नाही. सुटं करून आत आणलं होतं."

"अहो, मग सुटं करा," मी म्हटलं आणि पाना शोधायला गेले.