पत्र्यावरचा हात

मी एक जीप बोलतेय. लोहाऱ्याच्या स्टँडजवळ रेवणप्पाचं चहाचं हॉटेल आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या आडोशात उभी असते. माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'वाघीण' लिहिलंय. ते वाचून फसू नका. मी पहिल्यापासून भित्री आहे. उतार लागला की माझे नटबोल्ट आपोआप खडखडायचे. समोरून उसाचा ट्रक आला की वाटायचं, रस्ता सोडून शेतात जाऊन उभं राहावं. पण जीपला कोण विचारतं? ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याचं ऐकायचं.

सुरुवातीला मी एका सरकारी खात्यात होते. साहेब शेजारच्या सीटवर पेंगायचे, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून ड्रायव्हर मला हळूच चालवायचा. तो माझा सुखाचा काळ. पुढं लिलाव झाला आणि मी बलभीमकडं आले. त्यानं माझं मागचं अंग वाढवून घेतलं, समोरासमोर दोन बाकडी ठोकली, वर पत्रा मारला आणि मला सवारीच्या धंद्याला लावलं. बलभीम उंचापुरा, मिशीवाला, बोलायला कमी. गाडी भरली तरी त्याला ती भरलेली दिसायची नाही. "सरका वो जरा, गाव जवळच हाय," असं म्हणत तो आणखी चारजणांना आत घालायचा.

आमच्या धंद्याची एक साधी भाषा असते, ती तुम्हाला सांगून ठेवते. सवारीला उतरायचं असेल तर ती माझ्या पत्र्यावर एकदा हात मारते. एक हात म्हणजे थांब. उतरून झालं की दोनदा मारते. दोन हात म्हणजे चल. इंजिनाच्या आवाजात तोंडानं बोललेलं पुढं पोहोचत नाही, पण पत्र्यावरचा हात पोहोचतो. ड्रायव्हर गप्पांत असला तरी त्याचा पाय तेवढं ऐकून आपोआप ब्रेकवर जातो.

आता त्या शर्यतीचं. तिला तीस वर्षं तरी होऊन गेली असतील. स्टँडवर पहिला नंबर कुणाचा, यावरून जीपवाल्यांत रोज भांडणं व्हायची. शेवटी जत्रेच्या दिवशी ठरलं, शर्यत लावायची. लोहाऱ्यातून निघायचं आणि जत्रेच्या माळावर पोहोचायचं. जो पहिला येईल त्याचा वर्षभर पहिला नंबर. रिकामी गाडी कुणीही पळवील, म्हणून गाडी सवारीनं भरलेली पाहिजे, असंही ठरलं. चार जीपा उभ्या राहिल्या. मला तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच थरथर सुटली होती.

सवारीतल्या बाप्यांना शर्यतीचं माहीत होतं, ते हौसेनंच चढले होते. चांगुणाला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आपली रोजच्यासारखी गावाला निघालेली. विहाराजवळच्या थांब्यावर तिला उतरायचं होतं. मांडीवर वर्षाची प्रीती होती. जागा मिळाली ती अगदी मागच्या टोकाला, दाराच्या जागी असलेल्या उघड्या लाकडी फळीजवळ.

ओढ्याच्या पुलाआधी एक वळण आहे. तिथं मी दोन चाकांवर गेले. प्रीती मांडीवरनं सरकली आणि फळीवरून निम्मी बाहेर गेली. चांगुणानं एका हातानं तिचा पाय धरला आणि दुसऱ्या हातानं माझ्या पत्र्यावर मारलं. एकदा. जिवाच्या आकांतानं. बलभीमचा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, हे मला पक्कं आठवतं. तेवढ्यात बाप्यांना वाटलं, बाई रंगात आली. त्यांनीही पत्रा बडवायला सुरुवात केली, हलगीवर वाजवतात तसा. त्या गोंगाटात तिचा हात बुडून गेला. ती मारत राहिली. तिच्या बांगड्या फुटल्या, काचा माझ्या फळीत रुतल्या. बलभीमनं पाय पुन्हा दाबला.

आम्ही जिंकलो. त्याच रात्री माझ्या कपाळावर 'वाघीण' लिहिलं गेलं. चांगुणा माळावरून लेकराला छातीशी धरून पायी घरी गेली, आणि त्यानंतर माझ्यात कधीच बसली नाही.

पुढं रस्ता रुंद झाला, नव्या गाड्या आल्या, बलभीमचे गुडघे गेले आणि मी या आडोशात येऊन पडले. पण शर्यत काही संपली नाही. रेवणप्पाच्या बाकड्यावर ती रोज होते. सांगणारा मुख्य माणूस आबाराव.

"दोन चाकांवर गाडी, दोन!" तो दोन बोटं नाचवतो. "आमी समदे एका अंगाला झुकलो म्हणून उलटली न्हाय. बलभीमनं एकदा बी ब्रेकला पाय लावला न्हाय, एकदा बी! अन् मागं चांगुणाआक्का, मांडीवर लेकरू, अन् पत्र्यावर ताल! बांगड्या फुटल्या पर बाईचा हात थांबला न्हाय!"

खरं सांगू? आबाराव त्या दिवशी माझ्यात नव्हताच. तो जत्रेत जिलेबीच्या दुकानापुढं उभा होता. आज जेवढे लोक 'मी व्हतो त्यात' म्हणतात, तेवढे बसवायचे तर बलभीमलासुद्धा दोन खेपा कराव्या लागल्या असत्या. यावर मी मनातल्या मनात हसते. पण बांगड्यांची गोष्ट आली की मला हसू येत नाही. बलभीम अशा वेळी बशीतल्या चहावर फुंकर मारत बसतो, चहा कधीचाच थंड झालेला असला तरी.

यंदा त्या गोष्टीतून माझ्यावर संकट आलं. बलभीमचा नातू कृष्णराज जत्रा कमिटीत गेला आणि त्यानं जाहीर केलं, भरल्या गाडीची शर्यत पुन्हा लावायची. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, मागं डरकाळी फोडणारा वाघ. आणि पोराच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. गाडीत बसतील ती त्या वेळच्या सवारीची नातवंडं!

मला रंग लागला. नवीन बॅटरी बसली. उमरग्याहून मिस्त्री आला आणि दोन दिवस खपून त्यानं माझं इंजिन सुरू केलं. मग चाकाखाली वाकून तो म्हणाला, "ब्रेकचं तेल गळतंय. रबरं बदलावी लागतील. आता दोनदा दाबला तर लागतोय, पर भरवसा न्हाय."

"जत्रा झाल्यावर बदलू," कृष्णराज म्हणाला. "आमच्या बलभीमतात्यांनी तवा कुठं ब्रेक मारला व्हता?"

सगळे हसले. मी गार पडले. मागच्या डाव्या चाकातून तेल ठिपकत होतं ते मला कळत होतं. खाली माती काळी होत चालली होती. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, जुनी गाडी हाय, गळणारच. मला ओरडायचं होतं. पण हॉर्नसुद्धा दुसऱ्या कुणी दाबल्याशिवाय माझा वाजत नाही. जत्रा जवळ येत गेली तशी मला एकच गोष्ट दिसायला लागली. ते वळण, तो पूल आणि मागच्या उघड्या फळीजवळ बसलेली पोरं.

जत्रेचा दिवस उजाडला. माझ्या बॉनेटवर हार पडले. पोरं बाकड्यांवर दाटीवाटीनं बसली. प्रीती आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती आपल्या मुलीला, नंदाला घेऊन आली. आईच्या बांगड्यांची गोष्ट ती लहानपणापासून अभिमानानं ऐकत आलेली. आईनं मात्र तिला त्यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

"हिला आजीच्याच जागेवर बसवा," ती हसून म्हणाली. आणि सहा वर्षांची नंदा जाऊन बसली अगदी मागच्या टोकाला. जिथं अजून एक काच रुतलेली आहे, नेमकी तिथं. माझ्या अंगातून कळ गेली.

शर्यतीच्या रेषेपर्यंत गाडी बलभीमनंच न्यायची, असा सगळ्यांचा हट्ट होता. तो वर चढून बसला. कृष्णराज शेजारी, रेषेपासून पुढं तो चालवणार होता. चावी फिरली. बाहेर हलगी कडाडत होती, आबाराव माईकवर गोष्ट सांगत होता. रेषेच्या थोडं आधीच उतार सुरू होत होता, आणि उताराच्या तळाला ते वळण.

मी हलले. चाकं उताराला लागली. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी धावत आली, पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. चांगुणा. नातीला इथं आणलंय, हे तिला शेजारणीकडून कळलं होतं. तिनं नंदाकडं पाहिलं आणि माझ्या पत्र्यावर हात मारला.

एकदा.

बलभीमचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पेडल थेट तळाला टेकलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. काहीच नाही.  हँडब्रेकची तार तर कधीच तुटलेली. वेग अजून धरला नव्हता, एवढंच काय ते नशीब. नालीच्या कामाची वाळू रस्त्याकडेला पडली होती. बलभीमनं सगळा जोर लावून स्टिअरिंग फिरवलं आणि मी नाकाडासकट त्या ढिगात घुसले. पोरं एकमेकांवर आदळली, रडली. लागलं कुणालाच नाही. तो हात आणखी थोडा उशिरा पडला असता तर मी कुठं जाऊन थांबले असते, याचा विचार मी आजही करू शकत नाही.

चांगुणानं नंदाला ओढून काढलं आणि छातीशी धरलं. मग ती बलभीमच्या दाराशी आली. गलका एवढा होता की तिचं बोलणं फक्त त्यानं ऐकलं आणि मी.

"त्या दिशी बी म्या थांबच म्हणत व्हते, बलभीमभाऊ. माझी प्रीती निम्मी भाईर व्हती."

 त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पण आठवडा नाही झाला तोच रेवणप्पाच्या बाकड्यावर आबाराव नव्यानं सुरू झाला. "ब्रेक गेलेली गाडी, पोरांनी भरलेली, अन् ह्यानं कशी अल्लाद वाळूत घातली! ह्याला म्हंत्यात डायवर! अन् आक्का बघा, ह्या वयात बी धावत आली, पत्र्यावर हात मारून गाडीला जोश दिला. पुढल्या साली ब्रेक नीट करून पुन्हा..."

पुढल्या साली.  हे लोक ती भीतीसुद्धा गोड करून घेणार होते, आणि पुन्हा कुणाचं तरी लेकरू त्या फळीजवळ बसवणार होते.

बलभीम उठला. गुडघे धरत माझ्यापाशी आला आणि माझ्या पत्र्यावर हात मारला. एकदा. आबाराव मध्येच गप्प झाला.

"ह्याचा अर्थ काय, आबाराव?"

"थांब," आबाराव म्हणाला. "हे काय इचारनं झालं का?"

"मंग तवा तिनं काय म्हटलं व्हतं?"

 रेवणप्पानं स्टोव्ह बारीक केला.

"मला ऐकू आलं व्हतं," बलभीम म्हणाला. "पाय उचलला बी व्हता म्या." एवढं बोलून तो घराकडं निघाला. चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून बाकड्यावर पावसाच्या, सोयाबीनच्या गप्पा होतात. शर्यतीचं नाव कुणी काढत नाही. बलभीमचं बोलणं कानावर गेल्यावर प्रीती एकदा एकटीच येऊन गेली. वाकून तिनं फळीतल्या काचेवर बोट फिरवलं.

बलभीमनं मला भंगारवाल्याला दिलंय. टेम्पो दारात उभा आहे. गॅसच्या ज्योतीनं कापतात म्हणे. वाघीण असते तर म्हटलं असतं, कापा. पण मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगितलंय. मला फार भीती वाटतेय.

एक ऐका. तुम्ही कुठल्याही गाडीत बसा, कसल्याही जल्लोषात असा. पत्र्यावर एक हात पडला तर त्यात आपला ताल मिसळू नका. आधी मागं वळून बघा. आणि चांगुणाबाई भेटल्याच, तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा. मी त्यांच्या त्या पहिल्या हाताला थांबू शकले नाही. आता जाताना त्यांनी माझ्या पत्र्यावर दोनदा हात मारावा. म्हणजे मी निघेन.