माझ्याच हातची भिंत

दलाल माझ्यासोबत आलेल्या दोघांना खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवत होता, तेव्हाच मी बैठकीतली ती कडेची भिंत ओळखली. दोन वर्षांपूर्वी मीच रंगवलेली.

वीस वर्षं मी लोकांची घरं रंगवते. घर विकायचं ठरलं की माझी आठवण होते. रंग वाळला की कोण तू आणि कोण मी. या खेपेला मात्र मी रंगारीण म्हणून आले नव्हते. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, औषधांचे दुकानवाले आणि मी, तिघांनी मिळून जुनं घर घ्यायचं, नीट करून विकायचं, असं घाटत होतं. बाईंना माझं काम ठाऊक होतं. दुकानवाल्यांचं अजून तळ्यात-मळ्यात चालू होतं. त्यांच्यासाठीच मी ठेवणीतले कपडे घालून, केलेल्या कामांच्या फोटोंची वही घेऊन आले होते.

दलालानेही मला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी ही भिंत रंगवायला त्यानेच बोलावलं होतं. जवळ येऊन तो पुटपुटला, की तोंड बंद ठेवलंस तर आज भागीदार होशील. खोटं कशाला बोलू, मी ठेवलंही थोडा वेळ.

दुकानवाल्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "कोरी करकरीत आहे."

"आतून ओली आहे," मी म्हणाले. "ओल झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मीच मारलाय."

दलाल तणतणला, की ही सौदा मोडायलाच आलीय. मी पिशवीतून रंग खरवडायचा पत्रा काढला. ठेवणीतल्या कपड्यांतही तो सुटत नाही. कोपऱ्यात एकदाच खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि मागचा भिजका गिलावा भसकन खाली आला.

दुकानवाले भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही लोकांना फसवलंत."

"हो. या वहीत ती भिंत नाही. म्हणून हाताने दाखवली."

दुकानवाले निघाले. बाई दारात घुटमळल्या. रविवारी दुसरं घर बघायचंय, नुसती नजर टाकायला याल का, असं त्यांनी विचारलं.

"भागीदार म्हणून बोलावलंत तर येईन. रंगारीण म्हणून नाही."

बाई चपला सरकवून गेल्या. मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

दलाल म्हणाला, "पायावर धोंडा पाडून घेतलास. आता एवढा कोपरा बुजवून दे, मजुरी देतो."

"पाय माझा, धोंडाही माझा," मी म्हणाले.

पत्रा पुसून पिशवीत टाकला, वही उचलली आणि कोपरा तसाच उघडा ठेवून जिना उतरले.