मला न दाखवलेला पत्ता

मी पत्ते तपासणारा बोलतोय. पोस्टातला नव्हे. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या पॅनलमध्ये एक छोटा संगणक असतो, त्याच्या कर्नलमधला मी चार ओळींचा राखणदार. कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे, संगणकाचा मुख्य कारभारी. प्रेसचा लोखंडी दट्ट्या कधी खाली आणायचा आणि कधी जागीच थोपवायचा, हे तोच ठरवतो.

माझं काम बांधावरचं. अलीकडे साध्या प्रोग्रामांचं रान, पलीकडे कर्नलचं. संगणकाच्या आठवणीतल्या प्रत्येक जागेला नंबर असतो, तोच पत्ता. प्रोग्राम येऊन म्हणतो, "अमक्या पत्त्यावर एवढा आकडा लिहून द्या." पत्ता त्याच्याच रानातला आहे का, आणि लिहायचं ते शेवटपर्यंत तिथंच मावतं का, हे मी बघतो. नसेल तर असा हाणतो की बहुतेक प्रोग्राम जागच्या जागी मरतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या भागात वीतभर बांध कोरला तरी कुऱ्हाडी निघतात, मग मी का लाजू?

मला कुणी लिहिलं ते ठाऊक नाही. कुठल्याशा परदेशी माणसानं लिहून फुकट वाटून टाकलं. मी लातूरला रुद्रेशच्या कारखान्यात पोचलो. रुद्रेश पॅनल बनवतो. माणूस हुशार, पण घायकुतीला आलेला.

स्क्रीनवर वजनाचा आकडा अडखळत यायचा. दोष स्वस्तातल्या चिपचा, पण मी तपासण्यात वेळ घालवतो असा आळ माझ्यावर आला. रुद्रेशनं वजनाचे आकडे मागच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. त्या वाटेवर मी उभा नसतो.

त्याच्या हाताखालची ऋतुजा म्हणाली, "सर, पत्ता न तपासता लिहायचं? चुकून पलीकडचा आला तर?"

"प्रोग्राम आपला, यंत्र आपलं. घरातल्या माणसाला दारात आधार कार्ड मागतं का कुणी?"

सगळे हसले. मला राग आला. घरचे भेदी मी जन्मभर बघत आलोय. पण मला विचारतो कोण?

तिथून मला बिलोलीजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात बसवलं. मालक श्रीमंतराव, प्रेसवर केरबा. केरबा सकाळी आला की आधी माझ्या पॅनलवरची धूळ पुसायचा. प्रेसच्या पेटीचं दार उघडलं की कर्नलच्या रानात एका जागी 'एक' लिहिला जाई. 'एक' म्हणजे माणूस आत आहे, दट्ट्या हलवायचा नाही. दार लावलं की तिथं शून्य. एवढ्याशा आकड्यावर केरबाचा जीव टांगलेला असायचा, आणि तो निर्धास्त हात घालून अडकलेला कापूस काढायचा.

दसऱ्यानंतर हंगामाची पहिली गाठ निघायची होती. केरबानं पेटीचं दार उघडलं, आत झेंडूची फुलं ठेवली आणि हळदीकुंकू लावायला वाकला. इकडे श्रीमंतराव स्क्रीनवर गाठीचं नाव लिहीत होते. एरवी तिथं दोन इंग्रजी अक्षरं आणि आकडा असतो. पण ही गाठ आईच्या नावाची. त्यांनी मराठीत लिहिलं, 'श्री खंडोबा प्रसन्न, कैलासवासी मातोश्री लक्ष्मीबाई यांच्या पुण्यस्मरणार्थ पहिली गाठ'.

मराठी अक्षराला संगणकात इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. रुद्रेशनं जागा इंग्रजीच्या मापानं ठेवली होती. नाव मावलं नाही, शेजारी सांडलं. शेजारी वजन कुठं लिहायचं तो पत्ता होता. त्यावर अक्षरं पडली आणि पत्ता बदलला. बदलून झाला तो नेमका पलीकडचा, त्या 'एक'च्या जागेचा.

"केरबा, मी सुरू दाबून ठेवतो रे," श्रीमंतराव म्हणाले. "तुझं झालं की दार लाव, आपोआप चालंल."

"हाव मालक. एवढं कुंकू लावतो की झालं."

प्रोग्राम कर्नलला म्हणाला, या पत्त्यावर वजन लिही. पेटी रिकामी होती, वजन शून्य. मला तपासायला कुणी दिलं नाही, मी आपला लांबून बघत होतो. पत्ता पलीकडचा आहे हे मला दिसलं, मी ओरडलोसुद्धा, पण त्या वाटेवर माझा शब्द चालत नव्हता. 'एक' पुसला गेला, शून्य आला, आणि दट्ट्या सुटला.

हाड मोडल्याचा आवाज मोटरच्या आवाजातूनही ऐकू आला. लाल बटण कुणीतरी दाबेपर्यंत केरबाचा उजवा हात दंडापर्यंत फुलांत चेचला गेला होता. दट्ट्या वर नेला तेव्हा बोटं कुठली आणि झेंडू कुठला, ते कळेना. पूजेला फोडायला घेतलेला नारळ श्रीमंतरावांच्या हातात तसाच राहिला. नांदेडला दवाखान्यात केरबाचा हात खांद्यातून काढला.

दोन दिवसांनी रुद्रेश आला. त्यानं लॅपटॉप जोडला, मागची वाट पाहिली, बदललेला पत्ता पाहिला. त्याचा चेहरा उतरला. त्याला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. मग लॅपटॉप मिटून तो श्रीमंतरावांना म्हणाला, "पॅनलमध्ये दोष नाही. दार उघडं असताना यंत्र चालूच होत नाही. केरबानंच दाराच्या सेन्सरवर काहीतरी अडकवलं असणार, म्हणून यंत्राला दार लागलेलं वाटलं."

श्रीमंतरावांनाही तेच हवं होतं, कारण 'सुरू' त्यांनी दाबलं होतं. केरबाचं काम गेलं. हात गेला तो गेलाच, वर निष्काळजी म्हणून नावही झालं.

महिन्याभरानं भर दुपारी केरबा आला. डाव्या हातात पहार होती. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"म्या कायबी अडकवलं न्हाई," तो म्हणाला. "समदे म्हणून राहिले, केरबानंच केलं. माझी बायकोबी इचारती. तुला ठाव हाय न्हवं? सांग की."

मला ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं. त्यानं पहार घातली. स्क्रीन फुटली, पत्रा आत गेला, ठिणग्या उडाल्या. डावा हात सरावाचा नव्हता, दोन घाव चुकून भिंतीवर बसले, तरी तो थांबला नाही. माणसं धावली. त्यांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवला, आणि त्याला स्वतःला सावरायला एकच हात होता.

आता मी पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत पडलोय. माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, आरोपी केरबा, गुन्हा यंत्राची मोडतोड. ज्या यंत्रानं त्याचा हात चेचला त्याच्यावर गुन्हा नाही. केरबाविरुद्धचा पुरावा म्हणून मला जपून ठेवलंय.

माझी फक्त स्क्रीन फुटली आहे, वीज गेली तरी नोंदी जपणारी आतली चिप शाबूत आहे. रुद्रेशची मागची वाट आणि लक्ष्मीबाईंच्या नावाची ती लांबलचक ओळ अजून माझ्यात जशीच्या तशी आहे. कोर्टात मला टेबलावर ठेवाल तेव्हा नुसते घाव दाखवू नका. कुणीतरी जाणकार बोलवा आणि मला एकदा विजेची लाईन द्या. केरबा समोरच उभा असेल.