डोन्या त्रान्सितोचा घेवडा

मी घेवडा बोलतोय. भाजीतला नव्हे, बटणांचा मोबाइल आहे मी. आमच्या ग्वाटेमालात माझ्यासारख्या स्वस्त, ठेंगण्या फोनला घेवडाच म्हणतात. मीही कधी वाईट वाटून घेतलं नाही.

माझी मालकीण डोन्या त्रान्सितो, म्हणजे त्रान्सितोबाई. बसथांब्यावर मक्याच्या टॉर्टिया भाजून विकायची. तिला वाचता येत नाही, म्हणून ओळखीच्यांच्या नंबरांना तिने कोंबड्याची बांग लावून घेतली आहे. बांग न देता मी वाजलो, की समोरचा चोर. हिशेब सरळ.

त्याला कारणही आहे. गेल्या वर्षी माझ्यातूनच एक गोड आवाज आला होता. "डोन्या, तुमची चूल कुठे पेटते ते आम्हाला ठाऊक आहे. दर आठवड्याला आमचा वाटा काढून ठेवत जा." तेव्हापासून अनोळखी नंबर आला, की माझी बॅटरी बाहेर!

मग साथ आली. बस थांबल्या, चूल विझली. मुलगा विल्मर बसच्या दारात लटकून भाडं गोळा करायचा, तोही घरी बसला. गल्लीत उपाशी घरांनी दारांवर पांढरी फडकी लावली. डोन्याने मात्र लावू दिलं नाही. "भूक दाखवली की आधी चोरच येतात," म्हणाली.

ज्यांचं विजेचं बिल कमी, त्यांना सरकार मदत देणार होतं. फोनवर आकडे येतील, ते बँकेच्या यंत्रात टाकले की नोटा बाहेर. आणि एका दुपारी मी टुक् केलं.

"आला मेला!" डोन्याचं नख माझ्या पाठीत घुसलं.

"सरकारचा असेल, डोन्या," नवी सून नोएमी हळूच म्हणाली. ती मोजकंच बोलते.

"सरकारला माझा नंबर कुणी दिला?"

"मी."

"लग्नात माळलेली फुलं सुकली नाहीत अजून, आणि सासूचा नंबर वाटत सुटलीस?"

"मक्याचं पीठ उद्यापुरतंच आहे."

बॅटरी परत आत गेली.

यंत्रासमोर भली मोठी रांग. मास्क लावलेला एक तरुण पुढे आला. "द्या इकडे सेन्योरा, मी टाकून देतो आकडे."

"आधी तोंडावरचं फडकं काढ."

"काढलं तर पोलीस धरतील."

"मग तोंड बंद ठेव."

आकडे वाचायला सूनच हवी होती, पण सुनेवर तरी भरवसा कुठे? डोन्याने माझा पडदा अंगठ्याने झाकला आणि एकेक आकडा दाखवू लागली.

"अंगठा सरकवा, डोन्या."

"आधीचा विसर, मग सरकवते."

नोटा आल्या. डोन्याने त्या हुंगून पाहिल्या आणि पोलक्यात खोचल्या.

घरी येताच म्हणाली, "पैसे आले हे आता त्या वाटा मागणाऱ्यांनाही कळलं असणार. सिम फोड."

"पुढची मदत अजून यायची आहे. याच नंबरवर."

"ती खायला जिवंत राहायला नको का?"

नोएमीने निमूटपणे सिम काढलं, पाठ वळवली, पाट्यावर दगड आपटला. कडकन आवाज आला. डोन्याला बरं वाटलं. फुटला तो डब्याच्या झाकणाचा तुकडा, सिम गेलं सुनेच्या मास्कमध्ये. विल्मरलाही पत्ता नाही.

आता माझ्या पोटात नवं सिम असतं. दुपारी डोन्या आडवी झाली, की नोएमी जुनं बसवते, मला उशीत खुपसते आणि वाट पाहते. मला दोघींचंही पटतं, हीच पंचाईत. मदत याच वाटेने येणार आणि तो गोड आवाजही. आधी कोण येईल, मला खरंच सांगता येत नाही.

डोन्या, तू आज जरा जास्त वेळ घोरत राहा. एवढीच विनंती.