ताईला राजधानी दाखवली

ताईला मुलाकडे परदेशी जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तिला सांगितलं मात्र नव्हतं. सांगितलं असतं तर ती राहिलीही असती, पण माझ्यावर उपकार म्हणून. तसलं राहणं मला नको होतं. तिला आपणहून राहावंसं वाटायला हवं होतं.

भाच्याला मुलगी झाली होती. तो फोनवर रोज एकच टुमणं लावायचा, "आई, ये गं आता. कायमचीच ये." ताई दर वेळी म्हणायची, "बघते." तिचं ते 'बघते' ऐकलं की माझी शिवण वाकडी जायची.

आमचं दोघींचं शिलाईचं दुकान आहे, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, वर राहायची खोली. ताई कापते, मी शिवते. तिचे यजमान लवकर गेले, माझं लग्न जमता जमता राहिलं, तेव्हापासून हेच चाललंय. ताई पुढे, मी मागे. रस्त्यावरसुद्धा तसंच. कुठली बस, कुठे उतरायचं, हे ताई बघते आणि मी ताईची पाठ बघते.

इतकी वर्षं राजधानीत काढून आम्ही राजधानी काही पाहिली नव्हती. जगभरची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून आमच्या दारावरून जायची आणि आम्ही त्यांच्या बॅगांच्या बिघडलेल्या चेनी बदलून द्यायचो. म्हटलं, हिला हे शहर असं दाखवते की हिचा पायच निघणार नाही इथून. दुकानाला सरळ कुलूप लावलं.

"ठमे, बरं आहे ना तुला?" ताईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पहिल्या दिवशी राजवाडा. काचेच्या कपाटात कुठल्याशा राजाचा जरीचा कोट होता. आम्ही दोघी काचेला नाक लावून उभ्या.

"डावा खांदा उतरलाय," ताई म्हणाली.

"राजाचाच उतरला असेल."

"मग कापणाऱ्यानं सांभाळून घ्यायला नको?"

पहारेकरी आम्हाला मागे सरकवून सरकवून दमला बिचारा. मग तटबंदी झाली, जुना पूल झाला, नदीतून होडीनं फिरणं झालं. ताई लहान मुलीसारखी बोट दाखवत होती, हे बघ, ते बघ. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता कशी जाते बघू!

पण राणीच्या दालनात एक पाळणा होता, आणि ताई त्याच्यापुढून हलेचना.

"किती लहान असतात गं," ती हळूच म्हणाली.

"पाळणे लहानच असतात," मी फटकारलं आणि तिला ओढत तलवारी बघायला नेलं. माझं मलाच वाईट वाटलं. तरी मी थांबले नाही, इतकी मी हट्टी.

शहर बघून झाल्यावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आसपासची गावं काढली. तळ्याकाठच्या गावी घोळ झाला. आधी हे सांगते, की थंडीच्या सुरुवातीला आम्ही हिरव्या लोकरी कापडाचा अख्खा तागा उचलला होता. त्यातून निम्म्या गल्लीला कोट शिवून दिले, ताईचाही त्यातलाच. परतताना बसस्थानकावर ही गर्दी! मी आपली हिरव्या कोटामागे. पाठीची शिवण माझ्या हातची, ती मी आंधळी झाले तरी ओळखेन. कोट बसमध्ये चढला, मीही चढले. कोटाशेजारी जागा नव्हती म्हणून मागच्या सीटवर बसले आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कोट वळला आणि एक भलतीच बाई माझ्याकडे बघून हसली.

"ओळखता का मला?"

"कोट ओळखते," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

तो कोट तिला आमच्या गल्लीतल्या तिच्या नणंदेनं दिला होता. बस निघाली होती बंदराच्या गावाला, अगदी उलट्या दिशेला. फोन आमच्यात एकच, तोही ताईच्या पर्समध्ये. त्याचा नंबर मला पाठ नव्हता. स्वतःच्याच फोनवर कोण कशाला फोन करेल?

बंदरावर उतरून मी बाकावर बसून पोटभर रडले. मग माझा मलाच संताप आला. केस पिकले आणि बसच्या पाट्या वाचता येऊ नयेत? उठले. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, तो खेकसला, मीही खेकसले. तिकीट काढलं. मधल्या नाक्यावर बस बदलायची होती, ती पाटी वाचून बदलली. खिडकीपाशी बसायला मिळालं. एरवी खिडकी ताईची असते. दूरवर दीपगृह दिसत होतं आणि खरं सांगते, मला छान वाटत होतं.

गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागून गेले होते. ताई दुकानाच्या पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. आधी तिनं मला पाठीत एक धपाटा घातला, मग घट्ट धरलं.

"मी काही जात नाही आता," ती म्हणाली. "त्याला फोन करून कळवून टाकलंय. तुला अशी टाकून गेले तर तिकडे मला घास गोड लागायचा नाही."

मला जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण ती हे माझ्याकडे न बघता बोलली. मांडीवर फोन होता, त्यावर नातीचा फोटो, आणि फोटो मला दिसू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला होता.

"मी वाट चुकले असं कोण म्हणालं तुला?" मी म्हटलं. "मुद्दाम गेले मी. दीपगृह बघायचं होतं."

"एकटी?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

"खोटारडी," ताई म्हणाली. माझं खोटं तिला लहानपणापासून कळतं. "आणि आलीस कशी?"

मी सगळं सांगितलं, तिकिटाची खिडकी, नाका, बदललेली बस. ऐकता ऐकता ती रडायला लागली, आणि मग मीही.

"त्याला परत फोन लाव," मी म्हटलं. "येतेय म्हणून सांग. विमानतळावर मी येते तुला सोडायला. घरी माझी मी येईन."