फुंकर आणि न वाजवलेली दारं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरून ‘श्वासगुरू’ गरजले, “माझ्या एका फुंकरीनं कोण कोण बरं झालं? हात वर!”

झाडून सगळे हात वर. टाळ्यांचा कडकडाट.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा धाकटा भाऊही होता. त्याची बायको क्षयानं गेली. आता मुलीला क्षय झाला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्या आजपासून बंद करून त्याला तिला गुरूंची फुंकर द्यायची होती.

“दादा, एवढे लोक खोटं बोलतात?”

“नाही रे, खरंच बोलतायत.”

मला राग आला नाही. भावजय गेल्यापासून राग, रडू, काही यायचंच बंद झालं होतं.

गुरूंनी नव्यांना बजावलं, “बरे झालात की साक्षीला या. नाही झालात तर घरीच बसा. तुमच्या संशयानं माझी फुंकर विझते!”

माझ्या शेजारी बसलेल्या पुतणीनं मास्क सारखा केला. “काका, म्हणजे बरे न झालेले इथे येणारच नाहीत?”

“पास झालेल्यांनाच वर्गात बसवून निकाल विचारला, तर किती लागेल?”

“शंभर टक्के!”

“म्हणून आज समोर दिसतात तेवढ्यांवर जायचं नाही. पहिल्या दिवशी होते त्या सगळ्यांना धरायचं. फुंकर घेतलेले आणि न घेतलेले, दोघांचं पुढे काय झालं ते बघायचं.”

भावजय आजारी असताना तिच्याबरोबर आमच्या गल्लीतून एक गाडी भरून क्षयाचे रुग्ण इथे आले होते. भावाला घेऊन मी त्यांची दारं वाजवली. बऱ्याच घरांत ते आजारी माणूस आता उरलं नव्हतं. त्यांतला एक सुतार मात्र ठणठणीत.

“फुंकरीनं?” भावानं आशेनं विचारलं.

“गोळ्या चालूच होत्या की! गुरूंना बोललो नाही, उगाच वाईट वाटायचं.”

मग फुंकरीच्या वाटेला न गेलेल्या, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांकडे गेलो. बहुतेक जण बरे होऊन कामावर गेले होते. संध्याकाळी पुन्हा जावं लागलं.

भाऊ रस्त्याच्या कडेला बसला. “गुरू म्हणाले, तिच्या मनात संशय होता म्हणून गेली. मी ते खरं मानलं. तिच्या गोळ्या मीच बंद केल्या होत्या, दादा.”

मी त्याच्या शेजारी बसलो.

घरी गेल्यावर त्यानं पाण्याचा पेला भरला आणि मुलीच्या हातावर गोळी ठेवली. ती गिळेपर्यंत तो हलला नाही.

मुलांनो, एका गल्लीवरून सगळं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण बरी झालेली माणसं दाखवून कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी बाकीच्यांच्या घरी जाऊन या. जे बोलायला उरले नाहीत, त्यांनाही मोजा.